आत्याच्या जुन्या लॅपटॉपचा स्लो स्टार्टअप: कामाच्या नोंदी

३ जानेवारी २०२६

आत्याचा लॅपटॉप आजपासून माझ्याकडे. २०१४ सालचा आहे, चौथ्या पिढीचा कोअर आय३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची ५४०० आरपीएमवाली (मिनिटाला ५४०० फेरे घेणारी) हार्ड डिस्क, आला तेव्हा विंडोज ८.१ होतं, नंतर १० वर अपग्रेड केलेलं. तक्रार एकच. "अरे, बटण दाबून मी दुसरी कामं उरकून येते तरी ह्याचं आपलं चालूच असतं." ती त्यावर हिशेब ठेवते, पत्रं टाइप करते, प्रिंट काढते, बास. म्हणजे मशीनकडून अपेक्षा फार नाहीत आणि म्हणूनच हा टाकून नवीन घे असं मला तिला सांगायचं नाहीये, निदान नेमकं काय बिघडलंय ते कळेपर्यंत तरी नाही.

आज काहीच दुरुस्त करायचं नाही, फक्त मोजायचं. कारण "स्लो आहे" ह्या दोन शब्दांवर काहीच करता येत नाही, कुठे स्लो आहे ते पाहिजे. त्यामुळे वेळेचे तीन तुकडे पाडले. पहिला, बटण दाबल्यापासून कंपनीच्या लोगोखाली ते गोल फिरणारे ठिपके दिसेपर्यंत, हा सगळा बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामचा वेळ, इथे विंडोजचा अजून काही संबंधच नसतो. दुसरा, ठिपक्यांपासून लॉगिन स्क्रीनपर्यंत. तिसरा, पासवर्ड टाकल्यापासून ब्राउझर उघडून त्यात खरोखर टाइप करता येईपर्यंत. नुसता डेस्कटॉप दिसला म्हणजे सुरू झाला असं मी धरत नाही, आयकॉन दिसतात पण क्लिक केलं की काही होत नाही, त्याला सुरू होणं कसं म्हणायचं.

मोजायच्या आधी एक गोष्ट बंद केली, फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून म्हणजे २०१२ पासून ही सोय आहे. शट डाउन केलं तरी कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हरांची (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामांची) अवस्था डिस्कवरच्या हायबरनेशन फाइलमध्ये लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत वाचली जाते, म्हणजे तो पूर्ण बूट (पहिल्यापासून नव्याने सुरू होणं) नसतोच. रीस्टार्ट केलं तर मात्र पूर्ण बूट होतो. त्यामुळे कुणी शट डाउन करून मोजतो, कुणी रीस्टार्ट करून, आणि आकडे जुळत नाहीत म्हणून डोकं धरून बसतो. (टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत, अपटाइम म्हणजे मशीन सलग किती वेळ चालू आहे तो आकडा कित्येक दिवसांचा दिसतो, रोज बंद करूनसुद्धा, तेही ह्याच्यामुळेच.)

आकडे असे. पहिला टप्पा ४८ सेकंद. दुसरा १ मिनिट ५५ सेकंद. तिसरा ५ मिनिटांच्या वर. एकूण साधारण ८ मिनिटं.

आणि ह्या सगळ्यात सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे लॅपटॉपच्या कडेचा तो बारका डिस्कचा दिवा. पहिल्या टप्प्यात तो जवळजवळ पूर्ण बंद होता. दुसऱ्या आणि तिसऱ्यात सलग पेटलेला, लुकलुकणं नाहीच, सलग. म्हणजे ४८ सेकंद मशीन कसलीतरी वाट बघतंय आणि नंतरची ६-७ मिनिटं ते डिस्कवर राबतंय. स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं, पण वाट बघणं आणि काम करणं ह्यांचे उपाय पूर्ण वेगळे. वाट बघणाऱ्या मशीनला कितीही वेगवान पार्ट लावला तरी ते तेवढाच वेळ वाट बघणार. इथून पुढे प्रत्येक नोंदीत दिवा काय करत होता ते लिहायचंच असं ठरवलंय.

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये वर उजवीकडे 'लास्ट बायोस टाइम' दाखवतो, तिथे ४६ सेकंद आणि काहीतरी आहे. माझ्या स्टॉपवॉचशी जुळतंय. मोजणी बरोबर आहे म्हणायची.

४ जानेवारी

आज बॅकअप. ह्याच्याशिवाय पुढे एक पाऊलही नाही. आत्याला विचारलं की काय काय महत्त्वाचं आहे, तर "अरे सगळंच महत्त्वाचं आहे की" असं म्हणाली, ते बरोबरच आहे.

बाहेरच्या डिस्कवर कॉपी लावली. डॉक्युमेंट भराभर गेले, फोटोंच्या एका फोल्डरपाशी मात्र वेग शून्यावर, दिवा सलग चालू, बराच वेळ तसंच, मग परत सुरू. पुढच्या फाइलपाशी पुन्हा तेच. फाइल मोठी होती म्हणून असं होत नाही, ही फाइल वाचताना डिस्कला त्रास होतोय.

मग इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजच्या आतल्या घडामोडींची नोंदवही) उघडून सिस्टिम लॉगमध्ये 'डिस्क' ह्या सोर्सच्या नोंदी शोधल्या. इव्हेंट ७ म्हणजे बॅड ब्लॉक आणि इव्हेंट १५३ म्हणजे वाचायची-लिहायची मागणी परत करावी लागली. दोन्ही आहेत आणि आजच्याच नाहीत, महिनोन्‌महिने मागे जातायत. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो ह्या टूलने स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, आकडे बघितले. ०५ नंबरचा आकडा, म्हणजे खराब होऊन राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे बारके कप्पे), तो शून्य नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे सी५, म्हणजे पेंडिंग सेक्टर, तोही शून्य नाही. सी५चा अर्थ असा की डिस्कला ते सेक्टर वाचता आले नाहीत, पण त्यांच्याजागी राखीव सेक्टर अजून वापरलेला नाही, त्यावर परत काही लिहिलं जाईल तेव्हा ती ठरवेल. तोपर्यंत तो सेक्टर वाचायची वेळ आली की डिस्क आतल्या आत परत परत प्रयत्न करत राहते आणि त्यात सेकंद-सेकंद जातात. असा एखादा सेक्टर विंडोजच्या रोज लागणाऱ्या फाइलमध्ये आला तर प्रत्येक बूटला तो वेळ भरावा लागणार.

सी७ (डेटा केबलवरून जाताना झालेल्या चुका) बघितला, शून्य. तो वाढलेला असता तर डिस्कपेक्षा केबल किंवा कनेक्टरवर आधी संशय घेतला असता. इथे तसं नाही, डिस्कच थकलीये.

चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) आत्ता चालवणार नाही. सगळा पृष्ठभाग तपासायचा पर्याय दिला तर ते तासन्‌तास प्रत्येक सेक्टर वाचत बसतं आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर एवढा ताण टाकायचा असेल तर तो आधी डेटा बाहेर काढण्यासाठी टाकावा. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (म्हणजे विंडोज सुरू न करता पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्समधून) जीएनयू डीडीरेस्क्यू वापरलं. हे टूल मला मनापासून आवडतं, ते आधी सरळ वाचता येतो तो सगळा भाग उचलतं, अडलेल्या जागा बाजूला ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतं, शिवाय कुठपर्यंत आलो ते मॅप फाइलमध्ये लिहितं त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. रात्रभर लावून ठेवतोय.

५ जानेवारी

डीडीरेस्क्यू पूर्ण. अगदी थोडे सेक्टर गेले, बाकी सगळं आलं. आत्याचे हिशेब उघडून बघितले, नीट आहेत. फोटोही आहेत. आता निर्धास्तपणे काम करता येईल.

डिस्क बदलायचीच आहे हे नक्की झालं, तरी बाकीची कारणं शोधायचं थांबवत नाहीये. एसएसडी (फिरणारे भाग नसलेली, चिपवाली डिस्क) टाकली की बऱ्याच गोष्टी झाकल्या जातात आणि मग त्या कधी सापडतच नाहीत. ते पहिले ४८ सेकंद तर एसएसडीने जाणारच नाहीत, तिथे दिवा बंद आहे.

६ जानेवारी

भावाने फोनवर बरेच उपाय सांगितले, त्यानेही प्रेमानेच सांगितले, पण त्यातले काही इथे लिहून ठेवतो म्हणजे परत कुणी विचारलं तर सांगता येईल. एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोजच्या बूट सेटिंगच्या खिडकीत) जाऊन प्रोसेसरांची संख्या जास्तीत जास्त करायची हा पहिला. ती सेटिंग प्रोसेसर कमी करून टेस्टिंग करायला आहे, काही नाही निवडलं तर विंडोज सगळे कोअर आधीच वापरतं, त्यामुळे तिथे टिक करून काही मिळत नाही. प्रीफेच फोल्डर रिकामं करायचं हा दुसरा. त्या फोल्डरात कुठला प्रोग्राम सुरू होताना कुठल्या फाइलींचे कुठले भाग लागतात ह्याची टिपणं असतात, ती उडवली तर पुढचे काही बूट उलट हळू होतात, ती टिपणं परत तयार होईपर्यंत. आणि रजिस्ट्री क्लीनर, म्हणजे विंडोजच्या सेटिंगचा साठा (रजिस्ट्री) साफ करणारे प्रोग्राम. रजिस्ट्रीत पडून राहिलेल्या जुन्या एंट्रींनी बूटला जाणवण्याइतका वेळ जात नाही, आणि त्या साफ करताना एखादी नको ती गेली तर मशीनच बसतं. ह्यातलं काहीही करणार नाही.

स्टार्टअप टॅबमध्ये मात्र खरंच काम आहे. तिथे 'इम्पॅक्ट'चा कॉलम असतो, हाय म्हणजे त्या प्रोग्रामने सुरुवातीला सीपीयूचा १ सेकंदापेक्षा जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचन-लेखन केलं. ३ एमबी म्हणजे फार कमी वाटतं ना, पण ह्या डिस्कसाठी ते कमी नाही, कारण पुढे लिहितो. यादीत व्हिडिओ कॉलचा प्रोग्राम, क्लाउडवर फाइली चढवणारे दोन, आत्याने कधीच न उघडलेलं एक फोटो एडिटर, त्याचा वेगळा अपडेटर, आता घरात नसलेल्या जुन्या फोनचं सॉफ्टवेअर, आणि दोन अँटीव्हायरस, त्यातल्या एकाची मुदत संपलेली पण प्रत्येक फाइल उघडताना मध्ये पडणं चालूच. त्याला अनइन्स्टॉल केलं. बाकीच्यांना डिसेबल केलं, काढून टाकलं नाही, आत्याला विचारून मग.

टास्क मॅनेजरच्या यादीत सगळं येत नाही. सर्व्हिस (खिडकी न दाखवता मागे चालणारे प्रोग्राम), शेड्यूल्ड टास्क (ठरल्या वेळी चालणारी कामं), एक्सप्लोररला (फाइलींच्या खिडकीला) चिकटलेले एक्सटेन्शन, हे सगळं बघायला ऑटोरन्स घेतलं, सिसइंटर्नल्सचं. सिसइंटर्नल्स १९९६ मध्ये सुरू झालं आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलं, तरी टूल अजून तसंच नेमकं आणि फुकट आहे. त्यात मायक्रोसॉफ्टच्या एंट्री लपवायचा पर्याय आहे, तो लावला की बाहेरून आलेलंच उरतं आणि डोळ्यांना बघवेल एवढी यादी होते. ज्यांची फाइलच राहिली नाही अशा एंट्री पिवळ्या दिसतात.

परत मोजलं. तिसरा टप्पा ५ मिनिटांवरून ३ मिनिटं १० सेकंदांवर. पहिला आणि दुसरा जवळजवळ जसेच्या तसे, आणि तसंच व्हायला हवं, कारण हे प्रोग्राम लॉगिननंतर सुरू होतात. दिवा अजून सलग.

७ जानेवारी

डिस्क १०० टक्के आणि वेग १ एमबी सुद्धा नाही, हे टास्क मॅनेजरमध्ये एकत्र कसं दिसतं ह्यावर आज थोडं लिहितो कारण सगळा गोंधळ इथेच असतो.

ते १०० टक्के म्हणजे डिस्क तिच्या कमाल वेगाने चाललीये असं नाही, तर मोजलेल्या वेळात ती एक क्षणही रिकामी नव्हती, एवढंच. आता ५४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९० फेरे, एक फेरा ११ मिलिसेकंदांचा. हवा तो सेक्टर हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर सरकायला लॅपटॉपच्या डिस्कला साधारण १२ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेलं एक वाचन १७-१८ मिलिसेकंदांना पडतं आणि सेकंदात जेमतेम ५५-६० वाचनं होतात. प्रत्येक वाचन ४ केबीचं धरलं तर सेकंदाला पाव एमबीच्या आसपास. हीच डिस्क एक मोठी सलग फाइल वाचताना १०० एमबीच्या जवळ जाते! स्टार्टअपमध्ये मात्र शेकडो लहान फाइली वेगवेगळ्या कोपऱ्यांतून लागतात आणि पाच प्रोग्राम एकाच वेळी मागायला लागले की हेड नुसतं इकडून तिकडे पळत राहतं. एकच माणूस गोदामात आणि खिडकीवर पाच जण एकेक वस्तू मागतायत, तसं. माणूस क्षणभर बसलेला नाही, तरी माल काही निघत नाही.

एसएसडीला फिरणारं काही नसतं, विखुरलेलं वाचन ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास, म्हणजे सेकंदाला हजारोंनी. म्हणून जुन्या मशीनमध्ये फरक पडतो तो जाहिरातीतल्या ५५० एमबी प्रति सेकंद ह्या आकड्यामुळे नाही तर ह्या १७ ते ०.१ मधल्या दरीमुळे. साटा-२ (डिस्क जोडायच्या पोर्टचा जुना प्रकार) असलेल्या, म्हणजे ३ गिगाबिटवाल्या अजून जुन्या लॅपटॉपलासुद्धा एसएसडीने स्टार्टअपमध्ये जवळजवळ तेवढाच फायदा होतो, ह्याचं कारणही हेच. कुणी "तुझा पोर्टच स्लो आहे, उपयोग नाही" म्हणालं तर ऐकू नये.

९ जानेवारी

आता ते पहिले ४८ सेकंद. लोगो आणि काळोख, दिवा बंद.

बायोसमध्ये गेलो तर तारीख २०१३ ची. दुरुस्त केली, सेव्ह केलं, अडॅप्टर काढून ठेवला, संध्याकाळी बघितलं तर परत मागे. मुख्य बॅटरी तर केव्हाच गेलीये, अडॅप्टर काढला की मशीन लगेच बंद पडतं, त्यामुळे घड्याळाला आधार फक्त मदरबोर्डवरच्या बटण सेलचा आणि तोही गेलेला दिसतोय. ब्राउझरमध्ये अधूनमधून "कनेक्शन सुरक्षित नाही" असं यायचं म्हणून आत्या म्हणत होती, त्याचं कारणही हेच असणार, तारीख चुकीची असली की साइटचं सर्टिफिकेट ब्राउझरला अजून लागू न झालेलं वाटतं.

पण चुकीच्या तारखेने बूटला वेळ लागत नाही. मग बूट ऑर्डर बघितली आणि तिथे सापडलं. सेल गेल्यामुळे दर वेळी बायोसच्या सगळ्या सेटिंग मूळच्या होतात आणि ह्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये नेटवर्क बूट सगळ्यात वर आहे. लोगो दाखवायची सेटिंग बंद केली तेव्हा मागे चाललेलं दिसलं, 'स्टार्ट पीएक्सई ओव्हर आयपीव्ही४', थांबा, मग आयपीव्ही६, परत थांबा, आणि मग कुठे डिस्ककडे वळतो. म्हणजे मशीन रोज नेटवर्कवर कुणीतरी आपल्याला ऑपरेटिंग सिस्टिम देईल म्हणून वाट बघत होतं आणि कुणी देत नाही म्हटल्यावर डिस्क उघडत होतं. ऑफिसात एकदम शंभर मशीन बसवायच्या असतील तेव्हा ही सोय लागते, घरी कधीच नाही.

नेटवर्क बूट बंद, विंडोज बूट मॅनेजर पहिला. पहिला टप्पा ४८ वरून ११ सेकंद. एकही पार्ट न बदलता. पण सेल बदलेपर्यंत हे टिकणार नाही.

११ जानेवारी

उघडला. अडॅप्टर काढून, आतल्या बॅटरीचा कनेक्टर सोडवून मगच. सेल सीआर२०३२च आहे, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ जाड, फक्त लॅपटॉपमध्ये असतो तसा काळ्या आवरणात, दोन वायरी आणि बारका कनेक्टर. त्यामुळे सुटा सेल आणून खाचेत घालणं जमत नाही, वायरीसकट मिळतो तोच घ्यावा, वायरी सेलला थेट सोल्डर करायला जाऊ नये, सेल तापून फुटू शकतो. मल्टिमीटरवर जुना २ व्होल्टच्या खाली, नवा ३ च्या थोडा वर. बसवला.

उघडलाच आहे तर पंखा आणि कॉपरच्या फिन साफ केल्या, फिनच्या तोंडाशी धुळीची अक्षरशः गादी होती. पंख्याचं पातं बोटाने धरून मग हवा मारली. थर्मल पेस्ट सुकून खडू झालेली, ती बदलली. स्टार्टअपवर ह्याचा थेट परिणाम फारसा नाही, पण तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि उन्हाळ्यात ते जाणवेल.

रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे. चौथ्या पिढीच्या ह्या प्रोसेसरला डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टची. साधी १.५ व्होल्टवाली डीडीआर३ दिसायला सारखीच असते आणि स्लॉटमध्ये बसतेसुद्धा, पण चालत नाही. ४ जीबीची एक मागवलीये.

१५ जानेवारी

एसएसडी आली, २४० जीबी, साटा. आत्याचा सगळा डेटा मिळून ६० जीबीसुद्धा नाही त्यामुळे जास्तीची गरज नाही. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटर जाड, एसएसडी ७, त्यामुळे जुन्या डिस्कची पत्र्याची चौकट काढून तिलाच लावली आणि वर स्पेसर. नाही लावला तर कनेक्टरवर हलत राहते.

विंडोज टाकायच्या आधी बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय आहे ना ते बघितलं. हे आधीच बघायचं, कारण विंडोज टाकून झाल्यावर हा मोड बदलला तर निळी स्क्रीन येण्याची पक्की शक्यता.

क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) न करता नवीन इन्स्टॉल करायचं ठरवलं. जुन्या डिस्कवरचे गेलेले सेक्टर नेमके कुठल्या सिस्टिम फाइलमध्ये होते ते मला सांगता येणार नाही आणि दहा-बारा वर्षांचा गाळ नव्या डिस्कवर नेण्यात अर्थ नाही. डिस्क धडधाकट असती तर क्लोनच केलं असतं, त्यात काही वाईट नाही. लायसन्सचा प्रश्न आला नाही, ते हार्डवेअरशी, मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्क बदलली तरी नेटला जोडल्यावर आपोआप अॅक्टिव्हेट झालं.

विंडोज १० चाच विचार का केला तेही लिहून ठेवतो. १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ह्या मशीनमध्ये दोन्ही नाही, आणि आडमार्गाने ११ टाकून आत्याच्या हातात द्यायला मला आवडणार नाही, पुढचं अपडेट अडलं तर ती काय करणार. आत्याचं हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं म्हणून लिनक्सही आत्ता नाही. १० साठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्यात नाव नोंदवलं. त्यानंतर परत बसून ठरवावं लागेल.

नुसत्या विंडोजचे आकडे: पहिला टप्पा ९ सेकंद, दुसरा १४, तिसरा १२. दिवा लुकलुकतोय! सलग नाही. आठ मिनिटांवरून पस्तीस सेकंद, मला खरंच भरून आलं. ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाली हे एसएसडीला कळवणं) चालू आहे का तेही तपासलं, आहे. डीफ्रॅगचं (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणण्याचं) शेड्यूल बंद करायला जाऊ नये, विंडोज एसएसडी ओळखतं आणि तिथे मुख्यतः ट्रिम पाठवतं.

१६ जानेवारी

आता एकेक सॉफ्टवेअर टाकायचं, रीस्टार्ट, मोजायचं, मग पुढचं. कंटाळवाणं आहे पण हे असं केलं नसतं तर आजचं सापडलंच नसतं.

ब्राउझर, ऑफिस, मराठी टायपिंगचा कीबोर्ड, हिशेबाचं सॉफ्टवेअर, सगळ्यांनी मिळून तिसऱ्या टप्प्यात ३-४ सेकंद वाढवले. ठीक आहे. मग प्रिंटरच्या जुन्या सीडीवरचं पूर्ण पॅकेज टाकलं आणि रीस्टार्ट केलं. डेस्कटॉप वेळेवर आला पण वायफायचं चिन्ह नाही, स्पीकरवर लाल फुली, ब्राउझर उघडला तर नेट नाही. आणि मग अचानक सगळं एकदम आलं. तिसरा टप्पा १५ वरून ४६ सेकंद. दिवा? बंद. पूर्ण बंद.

म्हणजे परत वाट बघणं. आणि वाढलेला वेळ बघा, जवळजवळ बरोबर ३० सेकंद. खऱ्या कामाला लागणारा वेळ असा गोल आकड्यात सहसा येत नाही, आज २७ लागतील उद्या ३४. दर वेळी ३० च लागत असतील तर कुणीतरी कुठेतरी ३० हा आकडा लिहून ठेवलाय आणि तेवढी मुदत संपेपर्यंत थांबतंय. सिस्टिम लॉगमध्ये सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरच्या नोंदी बघितल्या, इव्हेंट ७००९, ३०००० मिलिसेकंदांची मुदत संपली, अमुक सर्व्हिस जोडली गेली नाही, आणि लगेच खाली ७०००, ती सुरू होऊ शकली नाही. विंडोज एखाद्या सर्व्हिसला "सुरू झाले" असं कळवायला मुळात ३० सेकंदच देतं. आणि आपोआप सुरू होणाऱ्या सर्व्हिस बऱ्याच अंशी एकामागून एक रांगेत घेतल्या जातात, त्यामुळे एक अडकली की मागच्या थांबतात. वायफाय आणि आवाज बिचारे त्या रांगेत उभे होते.

सर्व्हिस त्या प्रिंटर पॅकेजमधलीच, शाई किती उरली ते दाखवणाऱ्या खिडकीची. प्रिंटिंगला तिची गरज नाही. ती मुदत रजिस्ट्रीतून कमी करता येते असा सल्ला मिळतो, तो मी मानत नाही, कारण मग एखादी चांगली पण जरा हळू सुरू होणारी सर्व्हिससुद्धा कापली जाईल. पूर्ण पॅकेज अनइन्स्टॉल केलं आणि सेटिंगमधून प्रिंटर जोडून विंडोजलाच त्याचा साधा ड्रायव्हर घेऊ दिला. टेस्ट प्रिंट आली, मराठी अक्षरं नीट. तिसरा टप्पा परत १५.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स' नावाचा एक वेगळा लॉगही आहे, तिथे इव्हेंट १०० मध्ये पूर्ण बूटचा वेळ मिलिसेकंदांत असतो आणि १०१, १०२, १०३ मध्ये अनुक्रमे कुठल्या प्रोग्रामने, ड्रायव्हरने, सर्व्हिसने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला ते. प्रत्येक वेळी सगळं सापडतंच असं नाही पण स्टॉपवॉच न घेता मागच्या महिन्याचे आकडेसुद्धा बघता येतात, जुन्या डिस्कवरून हा लॉग आधी काढून ठेवला होता, त्यात १०० चे आकडे गेल्या वर्षभरात हळूहळू चढत गेलेले स्पष्ट दिसतात. डिस्क एका दिवसात नाही गेली.

१८ जानेवारी

रॅम आली, बसवली, विंडोजची मेमरी टेस्ट पूर्ण चालवली, एरर नाही. स्टार्टअपच्या आकड्यात फरक असा नाहीच, एखादा सेकंद. हे मुद्दाम लिहितोय कारण "रॅम वाढव, बूट फास्ट होईल" हे फार ऐकायला मिळतं. रॅमचा फायदा नंतर दिसतो, ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर एकदम उघडलं तेव्हा आधी ४ जीबी भरून पेजफाइलवर (रॅम भरली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेवर) यायचं, आता येत नाही. खर्च एकाच गोष्टीवर करता येणार असेल तर स्टार्टअपसाठी एसएसडी आधी, रॅम नंतर.

फास्ट स्टार्टअप परत चालू करून बघितलं. लॉगिनपर्यंत ४ सेकंद वाचतात. हार्ड डिस्कवर हा फरक खूप मोठा असतो, एसएसडीवर एवढाच. बंदच ठेवलं, रोज ताजा बूट झाला तर एखादा ड्रायव्हर बिनसला तरी दुसऱ्या दिवशी आपोआप ठीक होतो आणि आत्याला "रीस्टार्ट कर, शट डाउन नको" हे समजावत बसावं लागत नाही.

२४ जानेवारी

लॅपटॉप आत्याकडे पोचवला. बसून तिच्यासमोर सुरू केला, बटणापासून हिशेबाची वही उघडेपर्यंत ४० सेकंदांच्या आत. "अगं आत्या, आता जाऊ नकोस कुठे, इथेच थांब" असं सांगावं लागलं, ती सवयीने उठली होती. क्लाउडचा एकच प्रोग्राम ठेवला, फोटोंची कॉपी तिच्या खात्यात चढते त्यासाठी, स्टार्टअपच्या यादीत बाकी काही नाही.

राहिलेलं काम: मुख्य बॅटरी नवी घालायचीये, सध्या अडॅप्टरवरच. जुनी हार्ड डिस्क कुठल्याही कामाला वापरायची नाही, बॅकअपला तर नाहीच, तिच्यावरचा डेटा पुसून भंगारात. सेल कधी बदलला ती तारीख झाकणाच्या आतून चिकटवलीये. एसएसडीचे स्मार्टचे आकडे एप्रिलमध्ये एकदा बघायचे आणि ऑक्टोबरच्या आधी विंडोजचं काय करायचं ते ठरवायचं, तोपर्यंत आत्याचं हिशेबाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर वाइनमध्ये (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चालतं का ते माझ्या मशीनवर करून बघतो.